वायुवीजनाची खिडकी

टेकडीवरचा तो मनोरा बांधायला किती वर्षं लागली याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. कोणी नऊ म्हणतं, कोणी अकरा. मनोऱ्याच्या पायथ्याशी पाहुण्यांसाठी एक केंद्र बांधावं की नाही, बांधलं तर कसं, आणि त्याला 'अभ्यागत केंद्र' म्हणावं की 'पर्यटक स्वागत संकुल', एवढं ठरवायला समितीला चार वर्षं लागली. याबद्दल मात्र मतभेद नाहीत, कारण प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त आहे आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या आहेत.

केंद्राचं काम ज्या वास्तुविशारद कचेरीला मिळालं, तिथे ती सतरा वर्षं नोकरीला होती. कचेरीचे मालक, म्हणजे थोरले साहेब, इमारतीची कल्पना काढत. त्यांचे दोन लाडके शिष्य इमारतीचा दर्शनी भाग काढत. आणि मग एवढ्या देखण्या इमारतीत माणसांना शेवटी कुठेतरी जावं लागतं हे कोणाच्या तरी ध्यानात आलं की नकाशा तिच्या टेबलावर येई. सतरा वर्षांत तिने दवाखान्यांचे, शाळांचे, बँकांचे, एका नाट्यगृहाचे आणि दोन न्यायालयांचे संडास काढले. तिच्या संडासांत पाणी तुंबत नसे, दार उघडलं की समोरच्याला आतलं दिसत नसे, आणि हात धुवायला गेलेल्याचा धक्का बाहेर येणाऱ्याला लागत नसे. याबद्दल तिला कधी कोणी शाबासकी दिली नाही. पाठीमागे तिला 'संडासबाई' म्हणत, तेवढीच काय ती पदवी.

पाहुण्यांच्या केंद्राचं काम आलं तेव्हा दोन्ही शिष्य एका मोठ्या बाजारसंकुलात गळ्यापर्यंत बुडालेले होते. साहेबांनी तिला बोलावलं.

"छोटंसंच आहे. एक दालन, एक उपाहारगृह, चार कपाटं. तूच कर. पाटीवर तुझं नाव लावू."

पाटीवर नाव! ती त्या दिवशी जिना उतरून घरी गेली ती जमिनीला पाय न लावता.

घरी बाबा होते. बाबा आयुष्यभर दगडाचं काम करत आले. चाळीस वर्षांपूर्वी मनोऱ्याची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा वरचे थर पुन्हा बसवणाऱ्या टोळीत ते तीन वर्षं होते. आता वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, आणि मनोऱ्याला पायऱ्या दोनशे बारा. पूर्वी घराच्या खिडकीतून मनोऱ्याचं टोक तरी दिसायचं. मग समोर नऊ मजल्यांची विमा कंपनी उभी राहिली. तिचे संडास लेकीनेच काढले होते, त्यामुळे घरात त्या विषयावर फारसं बोलणं होत नसे.

"मला वर जायचंच नाही," बाबा म्हणाले. "तीन वर्षं वरच होतो की. पण गंमत सांगू का, मनोरा असा मी पाहिलाच नाही कधी. नाक दगडाला टेकलेलं असायचं. दिसायचा तो हातभर दगड आणि मुकादमाची चप्पल. एकदा खाली बसून, निवांत, आख्खा बघायचाय. पण बसून हं. उभं राहिलं की दोन मिनिटांत गुडघे तक्रार करतात."

"बसूनच बघाल," ती म्हणाली. "मी करते ना सोय."

मग तिने इमारत काढली. काढली म्हणजे कशी, तर आधी घडीची खुर्ची घेऊन मोकळ्या जागेवर जाऊन बसली. चार दिवस नुसती बसली. कुठून मनोरा झाडांत अडकतो, कुठून त्याचा पायाच दिसत नाही, कुठून तो पायापासून कळसापर्यंत सलग दिसतो, ते तिने बसल्या डोळ्यांनी मोजलं. टेकडीच्या बाजूला एक पट्टा असा सापडला, की तिथे बसलं की मनोरा आख्खा समोर. त्या पट्ट्यावर तिने बारा मीटरची एक सलग खिडकी काढली, खिडकीसमोर पाठीची आणि हाताची बाकं काढली, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उठताना कोणाचा खांदा शोधायला नको. बाकीची इमारत त्या खिडकीच्या मागे अंग चोरून उभी होती.

समितीपुढे पहिल्यांदा नकाशा गेला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि विचारलं, "यात केंद्र कुठंय?"

अध्यक्ष कुठल्याशा खात्यातून फार वरच्या पदावरून निवृत्त झाले होते आणि निवृत्त झाल्याचं अजून त्यांच्या कानावर आलं नसावं.

"हेच केंद्र, सर. लोक इथे बसतील आणि मनोरा बघतील."

"बघतील?" शेजारचे इतिहासाचे प्राध्यापक दचकले. "माहिती न घेताच?"

प्राध्यापकांकडे छत्तीस माहितीफलक तयार होते. त्यांनी ते सोबतच आणले होते. छत्तीस फलकांना भिंत लागते आणि खिडकीवर फलक लावता येत नाहीत, हा मुद्दा त्यांनी इतक्या कळकळीने मांडला की खिडकी सहा मीटरची झाली.

पुढच्या बैठकीत भेटवस्तूंचं दुकान आलं. त्याच्या पुढच्या बैठकीत दुकानाला गोदाम आलं. मान्यवरांसाठी कक्ष आला, मान्यवर नसताना तो रिकामा दिसू नये म्हणून त्यात एक कायमचा सोफा आला. खिडकी दीड मीटरवर आली. प्रत्येक वेळी ती तोंड उघडायची आणि थोरले साहेब टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवायचे.

शेवटचा घाव अध्यक्षांनी स्वतः घातला. त्यांना चित्रपट हवा होता. वीस मिनिटांचा, मनोऱ्यावरचा, भिंतभर पडद्यावर. त्यात मनोरा जमिनीतून उगवणार होता, गोल फिरणार होता, त्याच्यावर वीज कोसळणार होती, आणि आवाज चारही बाजूंनी येणार होता. दालनात त्यासाठी मिट्ट काळोख हवा होता. आणि पडद्यासाठी सगळ्यात लांब, सगळ्यात सलग भिंत कोणती, तर टेकडीकडची.

आता मात्र तिने साहेबांचा पाय झुगारला.

"सर, तो पडदा जिथे लावताय ना, त्याच्या बरोब्बर मागे खरा मनोरा आहे. भिंत बांधलीच नाही तर तो तसाच दिसेल. वीजही लागणार नाही."

अध्यक्ष समजूतदारपणे हसले. लहान मुलं चंद्र मागतात तेव्हा मोठी माणसं हसतात तसं.

"मॅडम, खरा मनोरा हलत नाही. शिवाय धुकं असलं की दिसत नाही, पावसात काळा पडतो. लोक एवढ्या लांबून येणार. त्यांना दर्जाची खात्री नको द्यायला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खिडकीचं नाव नकाशातून गेलं. साहेब गाडीत म्हणाले, "हे बघ, नाव लागतंय ना पाटीवर? मग कशाला डोकं लावतेस?"

घरी बाबा रोज विचारत, "खिडकी कुठवर आली?" आणि ती म्हणे, "चाललंय." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती हे ताटाकडे बघून म्हणे. बाबांनी त्या खिडकीसाठी एक जुनी उशीसुद्धा धुऊन ठेवली होती, बाकावर घ्यायला. ती उशी दिसली की तिला स्वतःची लाज वाटे. मोठी इमारत काढायची हौस होती ना तुला, घे, असं ती आरशातल्या बाईला म्हणे.

मग सह्यांच्या आधीची बैठक आली. एकूण एक्केचाळीस नकाशे टेबलावर. या बैठकीची एक रीत होती. अध्यक्ष नकाशा ओढून घेत, त्यावर बोट फिरवत आणि एक तरी बदल सुचवत, कारण काहीच न सुचवता सही करणं म्हणजे कारकुनी. प्राध्यापक त्यांची री ओढत आणि आणखी एक बदल सुचवत. उपाहारगृहाचे दिवे बदलले. दुकानाचं दार डावीकडून उजवीकडे गेलं. सोफ्याच्या रंगावर चाळीस मिनिटं गेली.

मग एकोणतिसावा नकाशा आला. संडास. अध्यक्षांनी तो बघितला न बघितलासा केला, कोणाचं तरी दार चुकून उघडल्यावर माणूस मान फिरवतो तशी मान फिरवली, आणि म्हणाले, "हं. पुढे."

प्राध्यापक छताकडे बघत होते.

सतरा वर्षं ती हे बघत आली होती. दवाखान्यात, शाळेत, न्यायालयात, संडासाच्या नकाशाला कधीच कोणी काही विचारलं नव्हतं. सभ्य माणसं त्या कागदाकडे बघतच नाहीत. इतकी वर्षं तिला याचा अपमान वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला वाटलं, अगं वेडे, आख्ख्या इमारतीत तुझ्या हातात राहिलेला एकच कागद हा आहे.

"सर," ती म्हणाली, "या एकोणतीस नंबरमध्ये एक छोटी अडचण आहे. वाऱ्याची दिशा. संडास आत्ता रस्त्याकडे आहेत, तिथून वारा थेट प्रवेशदाराकडे येतो. मान्यवर येतील तेव्हा..."

तिने वाक्य अर्धवट सोडलं. मान्यवर, वारा आणि संडास हे तीन शब्द एकत्र आल्यावर वाक्य पूर्ण करायची गरजच नव्हती.

"हलवा," अध्यक्ष घाईने म्हणाले. "कुठेही हलवा."

"टेकडीच्या बाजूला, अगदी टोकाला नेऊ?"

"न्या ना. हे काय विचारायचं असतं?"

पंधरा दिवसांनी नवा एकोणतीस नंबर आला. टेकडीकडच्या टोकाला, पडद्याची भिंत संपते तिथे, पुरुषांचे आणि बायकांचे संडास, आणि त्यांच्यामध्ये एक 'प्रतीक्षा जागा'. प्रतीक्षा जागेत तीन बाकं, पाठीची आणि हाताची. समोर वायुवीजनाची खिडकी. रुंदी साडेतीन मीटर, उंची अडीच. सगळं नकाशात लिहिलेलं होतं, मोजमापांसकट, काहीच लपवलेलं नव्हतं. अध्यक्षांनी छताकडे बघत सही केली.

यातली मेख कळली ती फक्त ठेकेदाराला. तो एक दिवस नकाशा घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"मॅडम, संडासाला एवढी खिडकी?"

"वायुवीजन."

"एवढं वायुवीजन? हत्ती जाणार आहेत का आत?"

ठेकेदाराने अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या भगदाडातून बाहेर पाहिलं. मग घमेलं पालथं घालून त्यावर बसला आणि पुन्हा पाहिलं. बराच वेळ बसला होता.

"खिडकीखालचा कट्टा चार बोटं खाली घेऊ," उठताना तो म्हणाला. "बसलेल्या माणसाला आडवा येतोय." आणि त्यानंतर त्याने त्या विषयाबद्दल कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. दारात संगमरवरी पाटी, तिच्यावर अध्यक्ष, समितीचे अकरा सदस्य, थोरले साहेब, आणि अगदी खाली, सिमेंट पुरवणाऱ्याच्या वर, तिचं नाव. तिने ते दोनदा वाचलं. खोटं कशाला बोला, ऊर भरून आला तिचा.

भाषणं झाली. अध्यक्षांनी मनोऱ्याचं कौतुक केलं, मनोरा बांधणाऱ्याचं केलं आणि मग उरलेला वेळ समितीचं केलं. काळोख झाला आणि पडद्यावर मनोरा जमिनीतून उगवून गरगर फिरायला लागला. बाबा दुसऱ्या रांगेत उशी मांडीवर घेऊन बसले होते. वीज कोसळली तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. तिने वाकून त्यांचा दंड धरला.

"बाबा, चला जरा."

"कुठे?"

"संडासाकडे."

"मला नाही लागलेली."

"तरी चला."

"अगं, नाही म्हटलं ना! या वयात माणसाला कळतं लागलीय का ते."

शेवटी तिने त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. प्रतीक्षा जागेत कोणी नव्हतं. तिने बाकावर उशी ठेवली, बाबांना बसवलं आणि बाजूला झाली.

मनोरा समोर होता, पायापासून कळसापर्यंत, उन्हात, हलत नव्हता. मग बाबांचा हात आपोआप वर गेला आणि हवेत बोटाने एकेक थर मोजायला लागला. सगळ्यात वरच्या थरापाशी बोट थांबलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. तिलाही रडू आलं. संडासाच्या दारात आपण बापलेक रडतोय हे कोणी बघितलं तर काय म्हणेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं, पण रडू काही थांबेना.

आणि मग लोक यायला लागले. आधी एक आजीबाई आल्या, खऱ्याच गरजेपोटी. आत जाऊन आल्या आणि परत न जाता बाकावर टेकल्या. मग काठी घेतलेले एक गृहस्थ. मग कडेवर मूल घेतलेली एक बाई, तिने मुलाला खिडकीपाशी उभं केलं. दहा मिनिटांत बाकं भरली, लोक जमिनीवर बसले. तिकडे दालनात वीज दुसऱ्यांदा कोसळली, ती रिकाम्या खुर्च्यांवर.

प्रेक्षक कुठे गळताहेत हे बघायला अध्यक्ष स्वतः आले. मागून प्राध्यापक आणि थोरले साहेब. अध्यक्ष दारात थबकले. समोर पाहिलं आणि थोडा वेळ तो माणूस चक्क समिती विसरला. तोंड किंचित उघडं, हात दोन्ही बाजूंना लोंबते. पण लगेच सावरले.

"वा! ही जागा कोणाच्या डोक्यातून निघाली?"

साहेबांनी क्षणात वारं ओळखलं. "सर, तुमच्याच मार्गदर्शनातून. नकाशावर सही आहे तुमची."

"असं होय?" अध्यक्ष खुलले. "उत्तम! मग ही नुसती अशी ओसाड कशाला ठेवायची? सुधारणेचा अधिकार माझ्याकडेच आहे, सोमवारपासून काम सुरू करू. ही बाकं काढा, इथे मान्यवरांचा कक्ष. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागात छोटा पडदा..."

"आणि खालच्या अर्ध्या भागात फलक," प्राध्यापक म्हणाले. त्यांचे चार फलक उरले होते.

सोमवार! चार वर्षं ज्या माणसांना सोफ्याचा रंग ठरवता आला नाही, ती सोमवारी काम सुरू करणार होती. चांगली गोष्ट या लोकांच्या नजरेला पडली की ती सुधारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. आणि वाईट गोष्ट नजरेला पडली की काय करतात, तेही पाठ होतं.

"सर," ती म्हणाली, "ही कल्पना नाही. चूक आहे. माझी."

साहेबांनी सवयीने पाय शोधला, पण मध्ये टेबल नव्हतं.

"वायुवीजनाची खिडकी अर्ध्या मीटरची हवी होती. माझं मोजमाप चुकलं, आणि तुमची सही झाली ती चुकीच्या नकाशावर. असं पुन्हा होऊ नये म्हणून याची चौकशी व्हायला हवी."

'तुमची सही' आणि 'चुकीचा नकाशा' हे शेजारी शेजारी आल्यावर अध्यक्षांचा चेहरा उतरला. प्राध्यापकांचा मात्र उजळला. चौकशी म्हटलं की त्यांना उपसमिती दिसे, आणि उपसमिती म्हटलं की तिचं अध्यक्षपद.

"चौकशी झालीच पाहिजे," ते म्हणाले. "आणि अहवाल येईपर्यंत जैसे थे. नियमच आहे तसा. बाक, काच, कशालाही हात लावता येणार नाही."

"अर्थातच," अध्यक्ष म्हणाले. आता त्यांना तिथून लवकर निघायचं होतं. "उपसमिती नेमा."

दोघे गेले. साहेब मागे राहिले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि दया जास्त होती, तेच तिला जास्त लागलं.

"चौकशी चालू असलेल्या माणसाचं नाव पाटीवर ठेवता येत नाही. माहितेय ना?"

"माहितेय."

"उद्या पाटी उतरेल."

"उतरवा," ती म्हणाली. सतरा वर्षांनी लागलेलं नाव एका सकाळपुरतं टिकलं. ती बाबांच्या शेजारी जाऊन बसली. आजीबाईंनी सरकून जागा करून दिली.

"काय म्हणत होती ती माणसं?" बाबांनी मनोऱ्यावरची नजर न काढता विचारलं.

"ही खिडकी चुकून झाली, म्हणून चौकशी लावलीय. अहवाल आला की बुजवतील."

"चूक कोणाची?"

"माझी."

"बरी जमलीय," बाबा म्हणाले. "कधी येतो अहवाल?"

"आधी उपसमिती नेमायची. मग तिची कार्यकक्षा ठरवायची. मग त्यावर हरकती. मागे यांनी एका दाराच्या कडीची चौकशी लावली होती, ती सहा वर्षं झाली अजून चालूय. खिडकी त्यापेक्षा मोठी आहे. सात-आठ वर्षं तरी कुठे गेली नाहीत."

बाबांनी मनातल्या मनात आपल्या वयात आठ मिळवले.

"पुरतील," ते म्हणाले. "आता जरा मागे हो बघू, डोकं मधे येतंय तुझं."